मार्कचा हात

१

सहा वर्षांत मी पहिल्यांदा जिंकलो, आणि बरोबर सात मिनिटांनी ज्युलियाना आंटी टेबलावरचे पत्ते हातात घेऊन म्हणाली, "ह्यो कॅट माजा न्हाय."

सात मिनिटं मी अंदाजाने सांगत नाही. लॉयडने माझा फोटो काढला तेव्हा चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात मी दोन्ही हात वर केलेत, शर्टाचं एक बटण तुटलंय, आणि तोंड इतकं उघडं आहे की दाढेतलं सिमेंट दिसतं. आनंदात मी इतका बावळट दिसतो हे मला माहीत नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

उत्तनच्या बाजूला डोंगरी गावात, लॉयडच्या घरी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमचा पोकर चालतो. नऊ-दहा माणसं जमतात. प्रत्येकाला दोन बंद पानं, मध्ये पाच उघडी, या सातांतून ज्याची पाच भारी तो जिंकला. खेळ एवढाच, पण एवढ्यात माणसाचं वाटोळं होतं. बोलीच्या चिपा संपल्या की उठायचं. वर्षभराच्या वर्गणीतून डिसेंबरच्या विजेत्याला गोव्याच्या मोठ्या स्पर्धेत बसायला मिळतं. मी सहा वर्षं नुसता उठत होतो. कधी पाचवा, कधी सातवा, एकदा तर सगळ्यांच्या आधी.

बाकी वेळ मी भाईंदरच्या एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करतो. बायको पंचशीला जेसल पार्कच्या आमच्या खोलीत साड्यांना फॉल लावते. आधी पिकोही करायची, पण तिचं पिकोचं मशीन तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्त्यांपायी विकलं गेलं. तेव्हापासून ती सगळं हाताने करते. मशीन टेम्पोत चढलं त्या दिवशी मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "एकदा जिंकू दे. एकदा जिंकलो की सोडतो. परत पानाला हात लावणार नाही." शपथ अगदी खरी होती. फक्त जिंकणं जमत नव्हतं.

आणि आज ते जमलं होतं. तेही तिच्यासमोर, कारण डिसेंबरची फायनल आहे म्हणून ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर डोंगरीला आली होती.

"मम्मी, काय बोलतेस?" लॉयड म्हणाला. "आपलाच आहे. लालच आहे ना?"

आंटीने उरलेल्या गठ्ठ्यातून किलवरची राणी शोधून काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. तिची नात शॅनन दोन वर्षांची असताना तिने या राणीचा कोपरा चावला होता. दाताची ती खूण आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. पान हातात आलं की अंगठ्याला लागायची. या राणीचे चारही कोपरे शाबूत होते.

मग आंटीने तो गठ्ठा टेबलावर उलटा पसरला. वरची दोन पानं कसलीतरी होती, पण त्यांच्याखाली बदामाची दुर्री, तिर्री, चौकी, पंजी अशी रांग सुरू झाली. बदाम संपल्यावर चौकट, मग इस्पिक, मग किलवर. मध्ये कुठे कुठे एखादं पान गायब, एवढंच. पिसलेले पत्ते असे नसतात हे पोरालासुद्धा कळतं.

"ये तो सेट किया हुआ है," चंदन हळूच म्हणाला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

२

घरात तेव्हा आम्ही सहा जण होतो. बाकीचे हरून चहाआधीच निघून गेले होते.

ज्युलियाना आंटी पासष्टीची, शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई. पत्ते नेहमी तीच वाटते. लॉयड तिचा मुलगा. कॅल्विन शेजारच्या गल्लीतला, एअरपोर्टवर कार्गोत आहे, शेवटच्या डावात माझ्यासमोर होता तो. चंदनचं मोबाइलचं दुकान आहे. तो चहाच्या आधीच्या डावाला, तिसऱ्या नंबरवर बाद झाला होता. मग मी आणि पंचशीला.

आता मार्कबद्दल सांगायला हवं. मार्क म्हणजे आंटीचा नवरा. हा रविवारचा खेळ त्याने सुरू केला होता. एका सप्टेंबरात तो बोटीवर गेला तो परत आलाच नाही. आंटीने त्याची खुर्ची काढली नाही. तिच्या उजव्या हाताला ती असते, आणि प्रत्येक डावाला त्या खुर्चीलाही दोन पानं पडतात. ती कोणी बघत नाही, डाव संपला की तशीच परत गठ्ठ्यात जातात. त्याला आम्ही मार्कचा हात म्हणतो. माझी जागा त्या खुर्चीला लागून. आंटी नेहमी डावीकडून वाटायला सुरुवात करते, त्यामुळे सगळ्यांचं झालं की मला आणि माझ्यानंतर मार्कला.

चार वाजता चहा. चहाआधी आंटी पत्ते पिसते, कोणाकडून तरी काटून घेते आणि कॅट मार्कच्या खुर्चीवर त्याच्या जुन्या टोपीखाली ठेवते. टोपीखालून निघालेले पत्ते परत पिसत नाहीत, तसेच वाटतात. इथला कायदाच आहे तो. नवख्या माणसाला हसू येतं. मीही घरी हे सगळं हसून सांगायचो.

त्या आठवड्यात तर पंचशीलाने स्वतःहून विचारलं होतं. कोण कुठे बसतं, आंटी कुठून सुरुवात करते, मार्कला दर डावाला पानं देतात का. "दर डावाला," मी म्हटलं होतं. सहा वर्षांनी बायकोला माझ्या खेळात रस वाटला याचंच मला इतकं अप्रूप की मी ताटात आमटीने टेबलाचा नकाशा काढून दाखवला.

"चहाला आपन सगले भाईर पडवीत व्हतो," आंटी म्हणाली. "आत कोन कोन आला?"

सगळेच आले होते. लॉयड तळलेले बोंबील आणायला दोनदा आत गेला. कॅल्विन फोनवर बोलत आत फिरत होता. चंदन बाथरूमला गेला. पंचशीला पिशवी ठेवायला आत गेली आणि तिने आंटीला विचारून फिल्टरचं पाणी भरून घेतलं. मी मोबाइल चार्जिंगला लावायला गेलो. टोपी उचलायची, कॅट बदलायचा, टोपी ठेवायची. दहा सेकंदांचं काम.

"मला कशाला बघता?" लॉयड चिडला. "माझ्याच घरात मी चोरी करू? दुपारी दोनलाच बाद झालोय मी."

"चंदन पत्त्यांच्या जादू करतो," कॅल्विन म्हणाला.

"बच्चों के बर्थडे में करता हूँ, भाई! और मी तर हरलो होतो. मला काय मिळणार?"

"काय मिळणार ते ज्याला मिळालं त्याला विचार ना." कॅल्विन माझ्याकडे न बघता बोलला. "असल्या कॅटवर मी हरलो ते चालणार नाय, आंटी."

माझे कान तापले. शेवटचा डाव सगळ्यांनी पाहिला होता. कॅल्विनकडे माझ्या निम्म्याहून कमी चिपा होत्या. चहानंतरच्या पहिल्याच डावात त्याला एक्का-दुर्री आली आणि त्याने सगळ्या पुढे ढकलल्या. मला नव्वी आणि एक्का होता, मी हो म्हटलं. मध्ये नव्वी, सत्ती, नव्वी पडल्या, मग राजा आणि तिर्री. तीन नव्व्या. त्यानंतर तो फोटो.

आंटीने हात वर केला. वर्गात करत असेल तसाच. "ऐका. कोनी केला त्ये आत्ताच्या आत्ता सांगा. दुसऱ्या कोनी केला आसंल तर डाव परत होईल, चिपा व्हत्या तशा ठेवून. जीवननी केला आसंल तर कॅल्विन गोव्याला जाईल. आनि जीवन परत हिकडं यायचा न्हाय."

म्हणजे मला फक्त चोर शोधायचा होता. चोर सापडला तर दुपटीहून जास्त चिपा घेऊन मी परत बसणार होतो, आणि जिंकणार होतो. याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. पंचशीलाकडे बघून मी हसलो. ती दाराला टेकून उभी होती आणि पिशवी छातीशी धरली होती.

"अहो, जाऊ द्या ना," ती म्हणाली. "चला घरी. बस मिळायची नाही."

"थांब गं," मी म्हटलं. "नावाचा प्रश्न आहे."

३

पहिला मुद्दा कॅल्विननेच काढला. हा लाल प्लास्टिकचा कॅट बाजारात सहज मिळत नाही. दिवाळीला चंदनने घाऊक बाजारातून चार आणले होते. एक आंटीला, एक कॅल्विनला, एक मला, एक त्याने स्वतःला ठेवला. आंटीचा नाहीसा झालाय, म्हणजे टेबलावरचा हा उरलेल्या तिघांपैकी एकाचा.

चंदनने बॅगेतून स्वतःचा काढून दाखवला. कॅल्विन धावत घरी गेला आणि पाच मिनिटांत घेऊन आला.

"माझा घरी आहे," मी म्हटलं. "सील पण फोडलेलं नाही. घरात पान उघडायचं नाही हा आमच्या मॅडमचा नियम आहे. विचारा तिला."

"आहे ना," पंचशीला म्हणाली. "कपाटात. टॉवेलांच्या खाली."

तिने हे इतकं शांतपणे सांगितलं की कॅल्विनही गप्प बसला. म्हणजे कोणीतरी कुठून तरी पाचवा कॅट आणलाय असं मी धरून चाललो, आणि मला चेव आला. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. सहा वर्षं त्या टेबलावर माझं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. मी पान टाकायला वेळ घेतला तर लोक जांभया द्यायचे. आता पाचही जण माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी शेवटच्या डावाची पानं ज्या क्रमाने वाटली गेली त्या क्रमाने मांडली. कॅल्विनला एक्का, मला नव्वी, कॅल्विनला दुर्री, मला एक्का. मग मध्ये नव्वी, सत्ती, नव्वी, राजा, तिर्री. ही झाली नऊ. त्यानंतर गठ्ठ्यावर राहिलेली ती दोन कसलीतरी पानं, चौकी आणि गुलाम. आणि मग बदामाच्या दुर्रीपासून सुरू झालेली रांग.

"बघा," मी म्हटलं. "चोराने रांगेतून पानं वेचून वर ठेवली. किती वेचली?"

"नऊ लागली," लॉयड म्हणाला.

"लागली नऊ. वेचली अकरा. गठ्ठ्यावरची ही दोन पण रांगेतली नाहीत, मुद्दाम आणून ठेवलेली आहेत. दोन खेळाडूंची चार आणि मधली पाच, नऊ होतात. मग चोराने अकरा कशाला वेचली?"

आंटीने चष्मा डोळ्यांवर घेतला. तिचे ओठ हलत होते.

"आणि दुसरं. एवढी मेहनत करून चोर कॅल्विनला एक्का-दुर्री देतो? असलं फडतूस पान? समोरच्याला भारी पान द्यायला हवं, म्हणजे तो सगळं लावणार. मला सुद्धा नव्वी-एक्काच दिला. कोणीतरी हे फार विचार करून लावलंय, पण पडलंय भलतंच."

"म्हंजे चुकला तो," आंटी म्हणाली.

"चुकला," मी म्हटलं. "आणि काय चुकला ते मला कळलंय."

दारात काहीतरी पडलं. पंचशीलाची पिशवी खाली सटकली होती. तिने ती लगेच उचलली.

"माझं डोकं दुखतंय हो," ती म्हणाली. "खरंच चला. मी पाया पडते."

माझ्या डोक्यात तेव्हा फक्त अकरा पानं होती. मी तिला हाताने थांब म्हणून खूण केली.

४

मी तीच अकरा पानं परत उचलली आणि आंटीच्या जागेवरून पुन्हा वाटली. पण या वेळी तिघांना.

"कॅल्विन, मी, मार्क. कॅल्विन, मी, मार्क."

पानं उलटी केली तेव्हा लॉयडच्या तोंडून शिवी निघाली. कॅल्विनच्या जागेवर दोन एक्के पडले होते. माझ्या जागेवर दोन नव्व्या. मार्कच्या खुर्चीपुढे दुर्री आणि सत्ती, निव्वळ कचरा. पुढची पाच मध्ये उघडली, नव्वी, राजा, तिर्री, चौकी, गुलाम. कॅल्विनला एक्क्यांची जोडी, मला तीन नव्व्या. दोन एक्के हातात आल्यावर जगात कोणीही सगळं लावेल, आणि सगळं हरेल.

"हा खरा डाव," मी म्हटलं. "असा लावला होता. दोघांचे हात, मार्कचा हात आणि मधली पाच, मिळून अकरा. चोराला वाटलं शेवटच्या दोघांतही मार्कला पानं पडतात. पण तशी ती पडत नाहीत."

पडत नाहीत हे मलाही त्याच दुपारी कळलं होतं. चहानंतर आंटीने फक्त दोघांनाच पानं टाकली तेव्हा मी विचारलं होतं, "आणि मार्कला?" तिने टोपी खुंटीला अडकवली. "दोगंच ऱ्हायली का मार्क उठतो," म्हणाली. "दोगांच्या मधी तिसरा नको." त्याच वेळी मागे पंचशीलाच्या हातातली बशी कलंडली होती आणि चहा तिच्या साडीवर सांडला होता. मी वळूनही बघितलं नाही, पानं हातात होती.

"तेव्हा चोर कोण?" मी आता उभाच राहिलो होतो. "लॉयड नाही, आईचा हा कायदा त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आंटी नाही. कॅल्विन गेल्या वर्षी शेवटच्या दोघांत होता. चंदन त्याच्या आदल्या वर्षी. ही चूक यांच्यातला कोणीच करणार नाही. ही चूक फक्त तोच करेल, ज्याला मार्कचा हात माहीत आहे, टोपी माहीत आहे, जागा माहीत आहेत, पण जो शेवटच्या दोघांपर्यंत कधी..."

मी थांबलो.

बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजत होता. सहा वर्षं चहा पिऊन साडेचारच्या बसने घरी जाणारा, शेवट कधीच न पाहिलेला माणूस त्या टेबलाशी एकच होता, आणि तो उभा राहून भाषण करत होता.

"बोल ना," कॅल्विन म्हणाला. "पुढे बोल, जीवन."

५

माझी पहिली भावना काय होती ते सांगतो. मला हसू आलं. हिशोब एकदम बिनचूक आणि उत्तर साफ चूक, असं कसं? मी तर काही केलं नव्हतं. म्हणजे आणखी कोणीतरी हवं. मार्कचा हात माहीत असलेलं, शेवट न पाहिलेलं. ज्याला हे सगळं माझ्याच तोंडून कळलंय असं कोणीतरी.

टेबलावर ती रांग अजून पसरलेली होती. मी खाली बघितलं.

मी तिला आधी कंपनीचा, म्हणजे नव्या कॅटमधला, क्रम समजलो होतो. पण कंपनीचा क्रम इस्पिकच्या एक्क्यापासून सुरू होतो. नवे कॅट मी कमी फोडलेले नाहीत. ही रांग माणसाने लावलेली होती. आणि पत्ते खेळणारा माणूस लाल-काळे आलटून पालटून लावतो, नाहीतर घाईत बदाम आणि चौकट डोळ्यांना एकच वाटतात. इथे आधी सगळे लाल होते, मग सगळे काळे. लहानापासून मोठ्याकडे, एकही पान वाकडं नाही. आयुष्यात पत्ते न खेळलेल्या, नीटनेटक्या माणसाने लावलेली रांग.

आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात दोऱ्याची रिळं असतात. आधी लाल, मग काळी, फिक्यापासून गडदाकडे. एक रीळ इकडचं तिकडे झालेलं तिला खपत नाही.

मी मान वर केली. पंचशीला माझ्याकडेच बघत होती. मी रांग वाचतोय हे तिला कळलं होतं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, काही मागितलं नाही. नुसती उभी होती, जशी त्या दिवशी टेम्पोकडे बघत उभी होती तशी.

मला सुटता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. "ही रांग खेळणाऱ्याची नाही, आंटी." आंटी गणिताची बाई, तिला पुढचं सांगावं लागलं नसतं. डाव परत झाला असता. चिपा माझ्याकडे दुपटीहून जास्त होत्या. मी जिंकलो असतो. मी खरंच जिंकलो असतो.

मी सगळी पानं गोळा केली आणि पिसली. एकदा, दोनदा, तीनदा, चांगली खळखळून.

"ए! पुरावा आहे तो!" कॅल्विन ओरडला.

"आता कशाला हवा पुरावा," मी म्हटलं. "माझाच कॅट आहे. मीच ठेवला."

चंदनने "क्या यार" म्हणून कपाळावर हात मारला. लॉयडने मोबाइल काढला, बहुतेक माझा तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला. आंटी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पंचशीलाकडे बघितलं, तिच्या साडीवरच्या चहाच्या डागाकडे, आणि परत माझ्याकडे. तिला काय कळलं ते मला माहीत नाही. मी विचारणार नव्हतो आणि ती सांगणार नव्हती.

"सहा वरसं हरत व्हतास," ती म्हणाली, "तवा बरा व्हतास रे तू."

तिने मार्कची टोपी खुंटीवरून काढली आणि परत खुर्चीवर ठेवली. आम्ही निघालो तेव्हा कोणी दारापर्यंत आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचीही लाज वाटत होती.

६

भाईंदरची बस अर्धी रिकामी होती. आम्ही मागच्या सीटवर बसलो. मग पंचशीलाने पिशवीत हात घातला आणि साड्यांच्या फॉलच्या कापडात गुंडाळलेला लाल कॅट काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"त्यांना परत द्यायचा होता," ती म्हणाली. "धीर झाला नाही."

"कधी लावलास?"

"तुम्ही लॅबमध्ये असताना. तीन दुपारी फरशीवर वाटून वाटून बघितलं. तुम्ही ताटात दाखवलं होतं तसं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुम्ही पोहोचलाच नसता तर घरी घेऊन आले असते. पण तुम्ही पोहोचलात. मला वाटलं, एवढ्या जवळ येऊन परत हरले तर आणखी सहा वर्षं जातील. एकदा जिंकू दे, म्हणजे सुटेल."

"मी पुढे होतो," मी म्हटलं. "दुपटीहून जास्त चिपा होत्या माझ्याकडे."

"मला कुठे कळतं त्यातलं?"

तिला कळत नव्हतं. म्हणूनच मी त्या दिवशी खरंच जिंकलो असतो की नाही हे आता कोणालाच कळणार नाही. मला तिचा राग यायला हवा होता. पण तिच्या उजव्या हाताची बोटं मला दिसत होती, सुईने टोचून टोचून टोकं काळी पडलेली. त्या बोटांनी तिने फरशीवर बसून एक्के आणि नव्व्या वेचल्या होत्या, माझ्यासाठी. माझ्यासाठी एवढं कोणीच कधी केलं नव्हतं.

"तुम्ही शोधत कशाला बसलात?" ती म्हणाली. "दोनदा म्हटलं, घरी चला. गोवा गेलं असतं तरी चाललं असतं, त्या फोटोत एवढे जिंकल्यासारखे दिसत होतात. मला तेवढं पुरलं असतं."

बस वळणावर रेंगाळली. तिने माझ्या बाहीला धरलं.

"आता तरी सोडाल ना? आता तिकडे जाताही यायचं नाही. शपथ घेतली होती तुम्ही."

हो म्हणायला हवं होतं. दोन अक्षरंही लागत नाहीत. ती तेवढ्यासाठीच माझ्याकडे बघत होती, तेवढ्यासाठीच तिने आज चोरी केली होती. मी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर आलं ते ऐकून मीच घाबरलो.

"जिंकलो की सोडतो म्हटलं होतं, पंचू," मी म्हटलं. "जिंकलो कुठे?"

तिने माझी बाही सोडली. चेहरा खिडकीकडे वळवला आणि पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, पण हात मोकळे नव्हते. कापड केव्हाच सुटलं होतं आणि मी मांडीवर पत्ते पिसत होतो. किती वेळ पिसत होतो कोण जाणे. आमचा स्टॉप येईपर्यंत दर फेरीला किलवरच्या राणीचा चावलेला कोपरा माझ्या अंगठ्याला लागत होता, आणि शांती नगरात बुधवारी एक खेळ असतो, तिथे मला कोणी ओळखत नाही, हे मला आठवत होतं.